रुखवताला नाव हवं

सुपारीच्या नवरीला कुंकू लावायचं ते सकाळच्या उजेडात. दुपार झाली की दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या तिसऱ्या मजल्यावर ऊन थेट टेबलावर येऊन बसतं, साखर घामेजते, गोंद सैल पडतो. म्हणून अलकनंदा सकाळीच हात धुऊन बसायची. काडीच्या टोकाला कुंकवाचा कण, श्वास धरलेला, आणि श्वास सुटला की त्याच्याबरोबर ओठांतून एखादी ओवी सुटायची. काही ओव्या आईकडून आलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. कुठली कुणाची, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

"नामंजूर!" आतल्या खोलीतून दिनकररावांचा आवाज आला. "दोन्ही नावं नामंजूर!"

काडी हलली. नवरीच्या कपाळावरचं कुंकू भुवईवर उतरलं.

"अहो, हळू. हिचं लग्न मोडाल."

दिनकरराव लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून बाहेर आले, पूजेचं ताट आणावं तसे. ते केंद्रातल्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते, पण मंत्रालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. घरात डाळ संपली तरी ते "प्रस्ताव सादर करा" म्हणत. बायकोनं रुखवताची कंपनी काढायचं ठरवल्यावर त्यांना नवी नोकरी लागल्याचा आनंद झाला होता. त्या आनंदाच्या भरात, कुणाला न विचारता, त्यांनी स्वतःच संगणकावर नावाचा अर्ज भरून टाकला होता.

तासाभरात त्यांची भाची लतिका आली. तिचे आईवडील निवृत्त होऊन नागपूरला परतले, पण ही दिल्लीतच जन्मली, दिल्लीतच शिकली आणि मुनिरक्यात एक खोली घेऊन राहिली. कंपनी सेक्रेटरी होती. लोकांच्या कंपन्या नोंदवणं हाच तिचा धंदा. मामांनी दिलेली नावं वाचून ती खुर्चीतच आडवी झाली.

"केंद्रीय रुखवत भांडार? मामा, यार!"

"का? वजन आहे त्या शब्दाला. अख्खी हयात केंद्रात काढली मी."

"म्हणूनच! लोकांना वाटेल सरकारच रुखवत वाटतंय. असले शब्द परवानगीशिवाय मिळत नाहीत. आणि हे दुसरं, 'श्री राष्ट्रीय रुखवत मंडळ'. यात तर राष्ट्र पण आलं. आधी लग्नाला राष्ट्रपतींची सही लागेल."

"श्री लावलं होतं की नीट पुढे."

"श्री लावून नाव वेगळं होत नाही, मामा. तसं असतं तर अख्खा देश श्री लावून मोकळा झाला असता."

"मराठी माणूस श्री लिहिल्याशिवाय कागदाला हात लावत नाही," दिनकरराव म्हणाले आणि दुखावून चहा करायला गेले.

अलकनंदा हसली, पण हात थांबवून. कारण तिला या नावाची थट्टा मनापासून करता येत नव्हती. तिला आयुष्यात फार गोष्टी नको होत्या. ही एक हवी होती.

रुखवत म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. मांडवाच्या कडेला मुलीकडच्यांनी मांडलेलं ते टेबल. सुपारीची नवरानवरी, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, मोत्यांचं तुळशीवृंदावन, साखरेचा राघू आणि साखरेची मैना. वऱ्हाडी बायका वाकून वाकून बघतात आणि विचारतात, "कुणी केलं हो?" आणि मुलीची आई पदर सावरत म्हणते, "घरीच केलं." हे म्हणायचंच असतं. रीतच आहे ती. पण दिल्लीत आलेल्या घरांतल्या आयांना ना वेळ होता, ना शेजारपाजारच्या मावश्या-आत्या. मग कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगायचं, मयूर विहारला एक अलकाताई आहेत. लग्नाच्या आदल्या दुपारी चादरीखाली झाकून खोकी यायची. दुसऱ्या दिवशी अलकनंदा नव्या साडीत पाहुणी म्हणून यायची, आपल्याच राघूकडे परक्यासारखी बघायची आणि जेवून घरी जायची. तीसेक वर्षं असं चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात नोएडाच्या एका बँक्वेट हॉलमध्ये मात्र नवरीच्या मामीनं तिला हाताला धरून टेबलाशी नेलं. "हा राघू बघा. आमच्या वन्संनी केलाय. चोच लवंगेची आहे. कशी बसवायची माहितीये? पाक ओला असतानाच टोचायची." आणि तिनं बोटांनी करूनही दाखवलं. चुकीचं दाखवलं. ओल्या पाकात लवंग काळी उतरते. राघूच्या गळ्याला काजळ लागल्यासारखं होतं. अलकनंदा "हो का?" म्हणाली. घरी येऊन बराच वेळ पदर खांद्यावर तसाच ठेवून बसली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला पाटी हवी. टेबलाच्या पुढच्या बाजूला. दिसेल अशी."

तिथून कंपनीची गोष्ट निघाली. त्यातच कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात लग्नसराईचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. तिथे टेबल मिळणार होतं, पण नोंदलेल्या उद्योगालाच.

"एका माणसाचीही कंपनी असते, मामी, ओपीसी म्हणतात तिला," लतिकानं सांगितलं होतं. "कायद्यात बसते. मालक तुम्ही एकट्या."

"मग मी कोण?" दिनकररावांनी विचारलं होतं.

"तुम्ही नॉमिनी. म्हणजे मामींना काही झालं तर कंपनी तुमच्याकडे."

"म्हणजे मी गेल्यावर तुम्ही साखरेचे राघू करायचे," अलकनंदा म्हणाली होती. "तेव्हा मला जपा."

तर आता चहा आला, आणि नावांची खरी शोधाशोध सुरू झाली. दिनकरराव नाव सुचवायचे, लतिका पडद्यावर टाकून बघायची. मंगल होतं. सौभाग्य होतं. शुभ तर विचारूच नका. "हे रजिस्टर बघून वाटतं देशात अशुभ काही उरलंच नाही," लतिका म्हणाली.

"अलकनंदा टाक," दिनकरराव म्हणाले, जरा लाजून.

"गोड आहे, मामा. पण त्या नावाच्या ढीगभर कंपन्या आहेत. आणि दिल्लीत अलकनंदा नावाची अख्खी कॉलनी आहे. लोक रिक्षा कालकाजीकडे वळवतील."

अलकनंदेनं सुपारीच्या नवरीचं कपाळ ओल्या कापसानं पुसलं आणि पुन्हा कुंकू लावलं. या वेळी नेमकं बसलं.

"साळू टाक," ती म्हणाली.

"साळू म्हणजे?" लतिकानं विचारलं.

"काटेरी जनावर असतं एक," दिनकरराव म्हणाले. "अंगावर काटे—"

"ते तुमच्यासाठी," अलकनंदा म्हणाली. "लतू, साळू म्हणजे ओवीतली लेक. लाडाची. जात्यावर बसलेली बाई आपल्या मुलीला साळू म्हणते. मुलीचं खरं नाव काही का असेना, ओवीत ती साळूच. थांब."

तिनं कपाटातून एक जाडसर कार्ड आणलं. कडेला हळदीच्या रंगाची वेल, वर लाल अक्षरांत 'साळूचं रुखवत', आणि खाली:

*साळू चालली सासरी, संगे साखरेचा राघू*
*आई म्हणे, माझे बाळ, दारी वळून नको बघू*

लतिकानं ते दोनदा वाचलं. तिचे ओठ हलत होते. अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत वाढलेली ती पोरगी 'नको बघू'पाशी येऊन थांबली.

"हे काय आहे, मामी?"

"हे प्रत्येक रुखवतात ठेवते मी. राघूला टेकवून. अगदी पहिल्यापासून. आया सांगायच्या, अलकाताई, तुमचं नाव नको हं कुठे. मी म्हणायचे, माझं कुठंय? साळूचं आहे. मग त्यांना चालायचं. उलट आवडायचं. प्रत्येकीला ओवी वेगळी हवी असायची."

"म्हणजे तुमचं नाव आधीपासून आहेच," लतिका हळूच म्हणाली. "तुम्ही फक्त ते झाकून ठेवलंत."

तिनं कंपन्यांच्या नोंदीत शोधलं. साळू नावाचं काही नव्हतं. दिनकरराव उठले, देवापुढची पेढ्यांची डबी आणली, सगळ्यांच्या हातावर एकेक पेढा ठेवला. लतिका पेढा खात खात ट्रेडमार्कच्या नोंदी बघत होती. तिचं चावणं थांबलं.

"ओ नो."

गुरुग्रामच्या एका लग्नसोहळे करणाऱ्या कंपनीनं गेल्या दिवाळीनंतर अर्ज केला होता. लग्नाच्या भेटवस्तू आणि सजावटीसाठी 'साळू'.

"म्हणजे गेलं?" अलकनंदेनं विचारलं. तिनं पेढा हातातच धरला होता.

"कुणी आधी ट्रेडमार्क मागितला असेल तर त्यांच्या संमतीशिवाय कंपनीला ते नाव मिळत नाही. मामी, खरं सांगू? दुसरं नाव घ्या. ताबडतोब होईल. भांडत बसलात तर प्रदर्शन जाईल."

"दुसरं नाव मला कुणाचं तरी वाटेल."

लतिकानं मामीकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे, अगदी जवळ जाऊन. "एक मिनिट. इथे त्यांना लिहावं लागतं, नाव कधीपासून वापरताय. त्यांनी लिहिलंय, 'पुढे वापरण्याचा विचार आहे'. विचार! मामी, त्यांनी अजून वापरलेलंच नाही. कायदा आधी वापरणाऱ्याला मानतो. तुम्ही तीस वर्षं वापरताय. फक्त दाखवायला हवं."

"दाखवायचं कसं?"

"फोटो. लग्नांचे अल्बम. व्हिडिओ कॅसेटी. आणि ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांनी शपथेवर सांगायचं की हे रुखवत त्यांनी तुमच्याकडून करून घेतलं, आणि हे कार्ड त्यात होतं. बस. इतकं सोप्पं."

दिनकरराव आणि अलकनंदा यांनी एकमेकांकडे पाहिलं. दिल्लीत वाढलेल्या पोरीला हे कसं कळावं? सोपं होतं, पण त्यासाठी अर्ध्या दिल्लीतल्या मराठी आयांना शपथेवर सांगावं लागणार होतं की 'घरीच केलं' हे खरं नव्हतं.

*

फोन सुरू झाले. एकीचा अल्बम मुलीबरोबर अमेरिकेला गेला होता. एकीच्या अल्बमला वाळवी लागली होती. एकीनं विचारलं, "शपथेवर म्हणजे वकिलासमोर? आमच्या ह्यांना नाही हो आवडणार." एक जण मोकळी होती; विजयालक्ष्मी तिचं नाव, रेल्वेत होती. ती म्हणाली, "अलका, माझी ना नाही. पण आमच्या सूनबाईंसमोर मी किती तोरा मिरवलाय तुला माहितीये? आधी चंद्रप्रभाताई सही करू देत. त्यांनी केली की मी दुसऱ्या मिनिटाला करते."

आणि मग प्रत्येक फोनच्या शेवटी तेच. आधी चंद्रप्रभाताई.

चंद्रप्रभा महिला मंडळाची अध्यक्ष होती. तिच्या लेकीचं रुखवत हे अलकनंदेचं पहिलंच. नव्यानं दिल्लीत आलेली अलकनंदा तेव्हा घाबरून घाबरून राघू करत होती, नऊ बिघडले की एक जमायचा. त्या लग्नात चंद्रप्रभानं 'घरीच केलं' अशा काही थाटात सांगितलं की विहीणबाई सगळ्या पुण्याला सांगत सुटल्या. तेव्हापासून मंडळात कुणाला काही हस्तकला विचारायची झाली की चंद्रप्रभाताईंना विचारत, आणि चंद्रप्रभाताई मान किंचित तिरकी करून म्हणत, "अगं, हाताला वळण लागतं."

अलकनंदा तिच्या घरी गेली. चार इमारती पलीकडेच. चंद्रप्रभानं दार उघडलं आणि चेहऱ्यावरून कळलं, फोन आधीच पोचले होते.

"ये. बस. सरबत घेणार? कोकमाचं आहे, मागच्या आठवड्यात भाचा घेऊन आला." ग्लास समोर आला. "तू कंपनी काढतेस म्हणे."

"हो."

"छान आहे. बिल्कुल काढ. पण त्यासाठी जुनी मढी उकरायची काय गरज? दुसरं नाव घे. मी सुचवू? 'सौभाग्यकांक्षिणी'. किती सुरेख आहे."

"पाटीवर मावणार नाही, ताई."

चंद्रप्रभा हसली नाही. सरबतात चमचा फिरवत राहिली. "अलका, माझी विहीण आता ऐंशीला आली. अजून फोनवर म्हणते, तुमच्यासारखे हात मी पाहिले नाहीत. माझ्या लेकीला त्या घरात मान मिळाला तो त्या टेबलामुळे. आता मी सांगू, ते हात माझे नव्हते?"

"मी तेव्हा बोलले नाही, ताई," अलकनंदा म्हणाली. "नंतरही नाही. कुणाच्याच लग्नात नाही. मला वाईटही वाटलं नाही, खरंच. रीत होती. आईनं केलं असं म्हटलं की मुलीचं रुखवत शोभतं. माझ्या ओवीतही मी तेच लिहायचे ना, आईच्या हातांनी सारं आभाळ सांडियेलं. पण आता कुणीतरी परकं ते नाव उचलून नेतंय. आया म्हणाल्या तर मी गप्प बसले. कंपनी म्हणाली तर नाही बसणार."

ती उठली. दाराशी वळून म्हणाली, "सरबत फार छान झालंय."

"घरीच केलं," चंद्रप्रभाच्या तोंडून गेलं. सरबत भाच्यानं आणलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

*

चैत्रातलं हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमध्ये होतं. गौर मांडली होती, आंब्याची डाळ होती, पन्हं होतं, बाहेर उकडत होतं आणि आत पंखे नुसतेच फिरत होते. अलकनंदा गेली, कारण न जाणं म्हणजे रुसणं झालं असतं. लतिकाही आली, डाळीसाठी. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून बायका अलकनंदेकडे बघत, नजरानजर झाली की साडीची निरी नीट करत.

डाळ खाऊन झाल्यावर कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "चला, नाव घ्या, नाव घ्या!" नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचा तो खेळ. कुणी लाजत घेतलं, कुणी पाठ केलेलं घेतलं, एकीनं अर्ध्यात विसरून "जाऊ दे, घरीच आहेत ते" म्हणून सोडून दिलं. हशा झाला. मग सगळ्यांनी चंद्रप्रभाकडे मोर्चा वळवला. "अध्यक्षबाई! नाव!"

चंद्रप्रभा उठली. हातातला पन्ह्याचा पेला गौरीपुढे ठेवला. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. तिचा आवाज एरवी सभेत खणखणीत असायचा. आज जरा कापरा होता.

*साखरेच्या राघूला लवंगेची चोच,*
*इतकी वर्षं मिरवले, मनात होती बोच;*
*लेकीचं रुखवत माझ्या हातचं नव्हे मुळी,*
*अलकनंदेचं नाव घेते हळदीकुंकवाच्या वेळी.*

सगळ्या माना अलकनंदेकडे वळल्या.

"घेतलं बाई नाव," चंद्रप्रभा म्हणाली आणि खुर्चीत बसली, जणू जिना चढून आली होती. "आता माझ्या विहिणीला फोन लावा. कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. लाव गं लतिका, हा घे माझा फोन. स्पीकरवर लाव. लपवायचं काय आता."

पुण्याला फोन वाजला. पलीकडून खोल, खरखरीत आवाज आला, "बोला, विहीणबाई."

चंद्रप्रभानं एका दमात सांगून टाकलं. राघू, मैना, तुळशीवृंदावन, सगळं. "माझं नव्हतं ते. इथल्या एका बाईंनी केलं होतं. मी खोटं बोलले."

पलीकडून हसू ऐकू आलं. आधी बारीक, मग खोकल्यासारखं, मग मोकळं.

"अहो, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या घरी चहाचं गाळणं धड धरता येत नव्हतं तुम्हाला, राघू कुठून करणार? पुढच्या वर्षी माझ्या धाकटीचं लग्न ठरलं, तेव्हा मी गुपचूप पत्ता काढला आणि त्यांच्याकडूनच रुखवत मागवलं. रेल्वेनं आलं. मैनेची शेपटी मोडली होती, मी मेणानं चिकटवली. आणि सगळ्यांना काय सांगितलं असेन मी?"

हॉलमधल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "घरीच केलं!"

मग जे सुरू झालं त्याला आवर नव्हता. एकेक जण उठून सांगू लागली. माझंही. आमच्या मीनलचंही. अगं, माझं तर दोन्ही मुलींचं! ज्यांच्या अल्बमला वाळवी लागली होती त्यांचे अल्बम बरे झाले. विजयालक्ष्मी खुर्चीवर चढून म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, दुसऱ्या मिनिटाला? लतिका, कुठे सही करायची?" लतिकाच्या पर्समध्ये कागद नव्हते, ती तर डाळ खायला आली होती. कुणीतरी हळदीकुंकवाच्या ताटाखालचा कागद पुढे केला. "यावर नाही चालत, मावशी," लतिका हसत हसत, डोळे पुसत म्हणत होती. "स्टॅम्प पेपर लागतो!"

अलकनंदा गौरीपाशी उभी होती. तिच्या पायाशी रांगोळी होती म्हणून ती हलली नाही, एवढंच. चंद्रप्रभा जवळ आली आणि तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, दाबून, भुवयांच्या मधोमध. बोट तिथंच ठेवून म्हणाली, "तुझ्याइतकं नेमकं नाही बसत माझं."

"बसलं, ताई," अलकनंदा म्हणाली. "अगदी बसलं."

*

त्या आठवड्यात मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये अल्बमांचा ढीग लागला. मखमली पुठ्ठ्यांचे, चांदीच्या अक्षरांचे, मधल्या पातळ कागदावर कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेले. दिनकरराव भिंग घेऊन बसले. प्रत्येक फोटोत टेबलाशी एक आई ताठ उभी, आणि तिच्या कोपराजवळ, राघूला टेकून, ते कार्ड. कधी अर्धं झाकलेलं, कधी फ्लॅशनं पांढरं पडलेलं, पण 'साळूचं' ही लाल अक्षरं वाचता येत होतीच. ओव्या मात्र सगळ्या वेगळ्या. चंद्रप्रभाच्या लेकीची होती:

*साळूच्या सासूबाई, जरा दमानं घ्या हो*
*लाडाची लेक माझी, दुधावरची साय हो*

"विहिणीला हे वाचूनच कळलं असणार," दिनकरराव म्हणाले. "चंद्रप्रभाबाई असं दमानं कुणाला सांगतील?"

लतिकानं सगळं नीट लावून नोटिशीबरोबर गुरुग्रामला पाठवलं. थोड्याच दिवसांत तिकडच्या एका तरुण मालकिणीचा फोन आला. आवाज भांडखोर नव्हता, ओशाळलेला होता. लतिकानं फोन मामीच्या हातात दिला.

"आंटी, नाम हमें एक क्लायंट की मम्मी के एल्बम में मिला था. कार्ड बहुत सुंदर था. हमने सोचा लोकगीत का शब्द है, किसी एक का थोड़ी होता है."

अलकनंदेनं क्षणभर विचार केला. ती मुलगी चूक बोलत नव्हती. साळू काही तिनं घडवली नव्हती. किती जात्यांवरून, किती गळ्यांतून ती इथवर आली होती. वड सगळ्या गावाचा असतो. पण त्याला गुंडाळलेला दोरा ज्या बाईनं गुंडाळला तिचाच.

"गीत किसी एक का नहीं होता, बेटा," ती म्हणाली. "लेकिन वो तोता मेरा है."

पलीकडून हसू आलं. "जी. बिल्कुल आपका है." अर्ज मागे घेतल्याचं पत्र आलं, आणि सोबत, नाव घ्यायला आमची हरकत नाही असं दुसरं.

नाव मंजूर झाल्याचा निरोप संगणकावर आला तेव्हा दिनकरराव आंघोळीला गेले होते. टॉवेलवरच बाहेर आले, चष्म्यावर पाण्याचे थेंब, आणि मोठ्यानं वाचलं, "साळू रुखवत, ओपीसी, प्रायव्हेट लिमिटेड. मंजूर!" मग आवाज उतरवून, "श्री नाही लावलं ते बरंच झालं."

*

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या प्रदर्शनात अलकनंदेचं टेबल खांबाशेजारी होतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा खोकी चादर न घालता आणली. सगळ्यात पुढे पाटी, हळदीच्या वेलीची, आणि तिच्याखाली एक नवी ओवी, जी तिनं कुणाच्या लेकीसाठी लिहिली नव्हती:

*साळू निघाली दुकानी, नाव कपाळाला ल्याली*
*झाकल्या हातांची गं कळा उजेडाला आली*

नॉमिनी दिनकरराव गर्दीला ओळीनं उभं करत होते. ओळ नव्हती, पण ते करत होते. मंडळाच्या बायका आल्या, त्यांच्या लेकी आल्या, लेकींच्या लेकीही. चंद्रप्रभा टेबलापुढे उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला राघू दाखवत होती. "चोच लवंगेची आहे. पाक वाळल्यावर बसवायची, ओला असताना नाही. काळं उतरतं." बरोबर सांगत होती.

दुपारी एक बाई आली. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न. तिनं सगळं पाहिलं, मैनेच्या पंखावरून बोट फिरवलं, मग आजूबाजूला बघून अलकनंदेच्या कानाशी झुकली.

"घेते मी सगळं. पण एक विचारू? वऱ्हाडात मी घरीच केलं म्हणून सांगितलं तर... चालेल ना?"

अलकनंदा इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"सांगा की, खुशाल सांगा," ती म्हणाली आणि खोक्यात सगळ्यात वर कार्ड ठेवलं. "फक्त हे पुढे ठेवा. राघूला टेकवून."